ज्याचं कापड, त्याने आरशासमोर

झालं काय, डॉक्टरबाईंनी खुर्ची फिरवली. बास, एवढंच झालं. तुम्ही म्हणाल यात सांगण्यासारखं काय, चाकाच्या खुर्च्या फिरायलाच असतात, पण ऐका तर. त्या खोलीत आम्ही तीन वेळा जाऊन आलो होतो आणि तिन्ही वेळा ती खुर्ची माझ्याकडे तोंड करून होती. मी टेबलाच्या कोपऱ्याला, वही उघडून, पेनाचं टोपण दातात धरून. आई भिंतीकडच्या स्टुलावर, मांडीवर पर्स आणि पर्सखाली उजवा हात, जणू हात दाखवायला नाही, लपवायला आणलाय. डॉक्टरबाई बोलायच्या, मी लिहायचो, आई भिंतीवरचं चित्र बघायची. कातडी काढलेला हात, आत लाल-निळ्या दोऱ्या. एकदा मला हळूच म्हणाली होती की आतली बाजू बाहेरच्यापेक्षा नीट शिवलीय. मी हसलोही नव्हतो, कारण मी शब्द उतरवून घेत होतो. आणि चौथ्या वेळी, ऑपरेशन दोन दिवसांवर आलेलं, सहीचा कागद पुढे सरकवता सरकवता बाईंनी पायाने फरशी ढकलली, चाक कुईं करून वाजलं, आणि त्या आईकडे वळल्या.

"अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतील. कायमची. ते चालेल, असं ठरवलंत ना तुम्ही?"

आईने आधी माझ्याकडे बघितलं, सवयीने. मग बाईंकडे. "कुठली बोटं?" म्हणाली.

आता गोष्टीत अशा वेळी माणसाच्या पोटात खड्डा पडतो, कानात गरम शिसं ओततात वगैरे. माझं तसलं काही झालं नाही. खरं सांगतो, मला काहीच झालं नाही. मी बघत होतो की कागदाला क्लिप तिरकी लावलीय आणि ती सरळ केली पाहिजे. बाईंच्या टेबलावर कागद दाबायला एक काचेचा गोळा होता, त्यात खिडकी उलटी दिसत होती, उलट्या खिडकीत एक उलटा माणूस गाडी पुसत होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. खोलीत तीन माणसं होती आणि त्यातल्या दोघांना ठाऊक होतं की कुठली बोटं. ती बोटं ज्याच्या हाताला होती त्या तिसऱ्या माणसाला ठाऊक नव्हतं. आणि ते तिला सांगायचं काम माझ्याकडे होतं.

तुम्हाला माझं ऑफिस माहितीच आहे. कपडे धुण्याची मशीन, फ्रिज, कुणाचं काय बिघडलं की लोक फोन करतात, आणि आम्ही डोक्याला ते यंत्र लावून ऐकतो. पडद्यावर एक चौकोन असतो, त्यात तीन ओळी मावतात. काय झालं, काय हवंय, काय करायचं. चौथी ओळ लिहायला गेलं की पडदा घेतच नाही. पहिल्या महिन्यात माझी फार तारांबळ उडायची, लोक काय काय सांगतात, मला वाटायचं सगळंच महत्त्वाचं. मग जमायला लागलं. इतकं जमलं की आमचे साहेब मला तार म्हणतात. त्यांच्या तरुणपणी तार यायची म्हणे, चार शब्दांत माणूस मेल्याचं कळवायची. एकदा एका म्हाताऱ्यांचा फोन होता, वीस मिनिटं. फ्रिज गुणगुणतो. आधीही गुणगुणत असणार, पण बायको होती तोवर घरात बोलणं चालू असायचं, तिच्या बोलण्याखाली तो आवाज दडायचा, आता फक्त फ्रिजच राहिलाय. मी लिहिलं, फ्रिजचा आवाज, दुरुस्ती हवी, माणूस पाठवणे. साहेबांनी माझी ती नोंद नव्या मुलांना दाखवली, नोंद कशी असावी म्हणून. मलाही बरं वाटलं. तार.

तर आईच्या हातातली गाठ. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, कोटाच्या बटणाएवढी. वर्षभर ती तिला 'बटण' म्हणायची आणि वर्षभर कुणाला दाखवत नव्हती, कारण दुखत नव्हती. मग बोटांना मुंग्या यायला लागल्या. आई कपडे अल्टर करते, नवे शिवत नाही. लोकांनी घेतलेले, चुकलेले, जाडी वाढल्यावर न होणारे, मेलेल्या माणसाचे जिवंत माणसाला बेतायचे, असले कपडे. आणि ती कापड बघत नाही, चिमटीत धरते. अंगठा आणि दोन बोटं, डोळे मिटून, जरासं चोळते. यात दोरा कुठला जाईल, सुई कुठली, इस्त्रीला किती सोसेल, सगळं तिथेच ठरतं. मी लहान होतो तेव्हा मला ताप आला तरी ती कपाळाला हात लावायची नाही, कानाची पाळी चिमटीत धरायची. आणि कधी चुकली नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा आईला समोरच्या खोलीत चाचणीला नेलं होतं. बाहेर माणसं ताटकळलेली, बाईंचा फोन सारखा थरथरतोय. त्या म्हणाल्या, आई येईपर्यंत तुम्हाला सांगून टाकते, तुम्ही घरी नीट समजावून सांगा. आणि त्यांनी सांगितलं, भरभर पण नीट सांगितलं, खोटं कशाला बोलू. गाठ चांगली नाही. ती एका नसेला बिलगून आहे. रस्ते दोन. एक, नसेसकट सगळी काढायची. ती तीन बोटं बधिर होतील, अंगठ्याची ताकद जाईल, पण गाठ परत येण्याची भीती कमी, शंभरात दहाजणांना येते. दुसरा, नस सोलून वाचवायची, गाठ तेवढी काढायची, मग सहा आठवडे रोज किरण घ्यायचे. हात बराचसा राहील, पण शंभरात वीसजणांना परत येते, आणि तेव्हाचं ऑपरेशन आजच्यापेक्षा मोठं असू शकतं. कुठला बरोबर, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, दोन्ही बरोबर आहेत, आई हाताने काय करतात आणि त्यांना कशाची जास्त भीती वाटते, त्यावर आहे. बोला घरी. आठवड्यात कळवा. माझी दोन पानं भरली. शेवटी मी दहा आणि वीस असे आकडे लिहिले आणि दहाभोवती गोल काढला. गोल कधी काढला ते मला आठवत नाही. वहीत आहे म्हणून म्हणतो.

मग बसस्टॉपवर आई म्हणाली, काय म्हणाल्या? माझ्या हातात वही होती, बोट त्या पानावरच होतं. आणि मी सांगितलं. गाठ आहे. काढायचीय. काढली की संपलं. आई बरं म्हणाली. मग म्हणाली, इस्त्री बंद करून निघालोय ना आपण. मी म्हटलं, हो. बस आली.

म्हणजे मी खोटं बोललो का? तीनही ओळी खऱ्या होत्या. हीच तर खुबी असते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात, दोन फोनांच्या मधल्या मिनिटात, मी दवाखान्यात फोन लावला आणि म्हटलं, मोठं ऑपरेशन, तसंच ठरलंय. तिकडच्या मुलीने विचारलं, पेशंटशी बोलणं झालंय ना. झालंय म्हटलं. तिने लिहून घेतलं. पलीकडून टकटक ऐकू येत होती, आणि मला वाटलं, हिच्या पडद्यावर किती ओळी मावत असतील.

तुम्ही विचाराल का केलंस. मामानेही तेच विचारलं, पण नंतर, आणि तोसुद्धा कसा, उंटावरून शेळ्या हाकणारा, वर्षातून दोनदा येऊन उपदेश करून जातो. मी त्याला काही बोललो नाही. तुम्हाला सांगतो. बाबांच्या वेळी घरात चार महिने चर्चा चालली होती. हा डॉक्टर, तो डॉक्टर, हे औषध, ते नको, आत्या म्हणे असं, मामा म्हणे तसं, स्वयंपाकघरात कुजबुज आणि बाबा आले की सगळे भांडी घासायला लागायचे. बोलून बोलून वेळ गेला. मी एकोणीस वर्षांचा होतो, माझ्याकडे पिशवी धरायचं काम होतं, आणि पिशवी धरून मी कानाला खडा लावला होता की पुढे कधी वेळ आली तर चर्चा नाही. एक माणूस ठरवेल, झटकन, आणि कमी आकड्याला गोल. मला वाटत होतं मी आईचं ओझं उचलतोय. दोन आठवडे मला फार हलकं वाटत होतं. जेवण जात होतं, झोप लागत होती. फक्त तिने कापड चिमटीत धरलं की मी उठून आत जायचो.

आणि तिचा तो नियम. तो तर मला पाठ आहे, मी तिच्या दुकानात टेबलाखाली बसून मोठा झालोय. ज्याचं कापड, त्याने आरशासमोर. दुसऱ्या कुणी माप आणलेलं चालत नाही. नवरे बायकांचे कोट घेऊन यायचे, अहो तिची उंची मला पाठ आहे. आई म्हणायची, पाठ असेल, पाठवा त्यांना. गिऱ्हाईक निघून गेलं तरी चालेल, पण कात्रीला हात नाही. एकदा एक बाई वडिलांचा कोट घेऊन आल्या. बाह्या लांब झाल्यात, म्हातारपणी माणूस आक्रसतो, दोन बोटं आत घ्या. आईचं तेच. बाई चिडल्या, ते काठी घेऊन चालतात, त्यांना कुठे इथवर आणू. पण आणलं. म्हातारबुवा आरशासमोर उभे राहिले, आईने टाचण्या तोंडात धरल्या, बाहीला हात लावला, तसे ते म्हणाले, लांबच राहू द्या. का, तर हात कापतात, बाहीत झाकलेले बरे. मुलीला ठाऊकच नव्हतं. एका घरात राहून. आईने त्या बाहीला एक टाका घातला नाही, नुसती इस्त्री करून दिली. ते गेल्यावर मला म्हणाली, बघ, कापलं असतं म्हणजे? मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. टाचण्यांचा डबा चुंबकाने ढवळत होतो. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी तिला एकदाही आरशासमोर उभी केली नाही. हाताचं माप मी परस्पर देऊन आलो.

तर खोलीत. आईने विचारलं, कुठली बोटं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग फाईल उघडली, फाईलमध्ये लिहिलेलं होतंच, चर्चा झाली, मान्य. बाईंनी ते दोनदा वाचलं असावं. पेनाला टोपण लावलं. त्यांना चिडायला भरपूर जागा होती, मी वाटच बघत होतो कुणी चिडण्याची, म्हणजे निदान काहीतरी सुरू झालं असतं. पण त्या एवढंच म्हणाल्या की मी तुम्हाला त्याच दिवशी विचारायला हवं होतं, पुढच्या पेशंटची घाई केली. आईने मान हलवली. आई शिकलेल्या माणसांसमोर एरवी तोंड उघडत नाही, बँकेत गेली तरी दातखीळ बसते, मीच पुढे होतो. मी पुढे झालोच, म्हटलं, आई, मी तुला सांगणार होतो, त्याचं असं आहे की. तिने डावा हात नुसता वर केला, गिऱ्हाईक आरशासमोर हललं की करते तसा. म्हणजे स्थिर उभं राहा.

मग पर्स उघडली. तिच्या पर्समध्ये एक वेळ घराची किल्ली नसेल, पण खडू असतोच, तो चपटा, निळा, कडा झिजून वस्तऱ्यासारखा झालेला. तो तिने बाईंच्या पुढे ठेवला. बाही वर सारली, उजवा हात टेबलावर उताणा ठेवला, काचेचा गोळा स्वतःच बाजूला सरकवला.

"इथे काढून दाखवा. कुठून कापणार, आणि कुठवर मला कळणार नाही. आणि दुसरं काही होण्यासारखं असेल, तर तेही."

बाईंनी खडू उचलला, उलटासुलटा करून बघितला, कुठल्या कडेने काढायचं ते आईनेच दाखवलं. मनगटापासून वर एक लांब रेघ. मग अंगठा रंगवला, पूर्ण. पहिलं बोट. मधलं. तळव्याचा अर्धा भाग. आईची बोटं निळी झाली, कुणीतरी शाईत बुडवल्यासारखी. आणि मला तेव्हाही, सांगितलं तर विश्वास ठेवणार नाही, काही वाटलं नाही, फक्त माझ्या स्वतःच्या उजव्या हाताची ती बोटं पेनावर आहेत की नाहीत हे मला समजेना. मी खाली बघितलं. होती. पेन होतं. आई त्या निळ्या हाताकडे बघत राहिली, कुणाचा तरी कपडा बघावा तशी, तोलून. मग रुमालाने पुसला, सावकाश, बोटाबोटाने. म्हणाली, आता दुसरं काढा. आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, तू बाहेर बस.

बाहेर बाकावर मी बसलो. पाय प्लास्टरमध्ये असलेले एक गृहस्थ होते, ते सारखे घड्याळ बघत होते. दहा मिनिटं झाली तसे म्हणाले, आत पुराण लावलंय का कुणी. मी म्हटलं, माझी आई आहे. ते म्हणाले, मग तुम्ही बाहेर कसे? बाबांच्या वेळी पिशवी तरी होती. आता वही होती, ती उघडून बघितली, दोन पानं, दहाभोवती गोल. दारामागून आईचा आवाज येत होता, शब्द नाही, नुसता आवाज, आणि तो थांबत नव्हता. ती बोलत होती. बराच वेळ ती बोलत होती आणि मध्ये मध्ये बाई. एकदा दोघी हसल्या. मी हिशोब केला, माझ्याशिवाय आई अशी अनोळखी माणसाशी बोलल्याचं मला आठवतच नव्हतं, आणि मग मला वाटलं, मी असतो म्हणूनच बोलत नसेल. हा विचार आला आणि तसाच बसून राहिला, शेजारी, प्लास्टरवाल्यासारखा. पंचवीस मिनिटांनी दार उघडलं.

आई बाहेर आली, उजव्या हातावर निळी रेघ, या वेळी छोटी, आणि बोटं स्वच्छ. खडू पर्समध्ये टाकला. मी उभा राहिलो.

"गाठ काढायची. हात ठेवायचा. परत आली तर परत बघायचं," ती म्हणाली. "बसलं का तुझ्या तीन ओळींत?"

जिन्यावर मी तिला आकडे सांगायला लागलो. म्हटलं, वीस, आई, शंभरात वीस, दुप्पट आहेत, आणि तेव्हाचं ऑपरेशन मोठं असेल, कदाचित हातच. ती म्हणाली, सांगितलं त्यांनी सगळं, हातसुद्धा सांगितला. शंभरात वीस म्हणजे पाचात एक. पाचातला एक कपडा माझ्याकडे परत येतोच, मी काय करते? उसवते. मी म्हटलं, हा कपडा नाही. म्हणाली, मला माहितीय. मग दोन पायऱ्या उतरून थांबली, कठड्याला धरून, दम लागला म्हणून असेल.

"तुझ्या बाबांना मीपण विचारलं नव्हतं. शेवटी शेवटी ते माझ्याकडे बघायचे आणि मी चादर नीट करायचे."

एवढंच. पुढे ती उतरायला लागली, मीही. मला वाटलं होतं ती रागावेल, आणि ती रागावली असती तर मी रडलो असतो, आणि मग झालं असतं सगळं मोकळं. तसं काही झालं नाही. बसमध्ये तिने खिडकीची जागा घेतली. हातावरची रेघ पुसली जाऊ नये म्हणून बाही वर खोचून ठेवली होती, आणि समोरचा एक माणूस त्या रेघेकडे बघत होता.

दुपारी तिने दुकान उघडलं. मी ऑफिसला गेलो नाही, फोन करून दोन शब्दांत कळवलं. माझा एक कोट महिनाभर खुंटीला पडून होता, खांद्यात सैल, देऊ नंतर म्हणून राहिलेला. तिने तो काढला, झटकला, म्हणाली, ये. मी आरशासमोर उभा राहिलो. ती मागे, तोंडात टाचण्या, डोक्याचा अर्धा भाग माझ्या खांद्यावरून दिसणारा. कापड चिमटीत धरलं, अंगठा आणि दोन बोटं, जरासं चोळलं. डोळे मिटलेले. मी या वेळी आत गेलो नाही, जाताच आलं नाही, खांद्यात टाचण्या होत्या. ती त्या चिमटीकडे किती वेळ कान देऊन होती कोण जाणे. मुंग्या येत असतील आत्ताही. सहा आठवडे रोजचे किरण, मग कदाचित काही नाही, मग कदाचित पाचातला एक. आरशात माझं तोंड होतं, नेहमीचंच, फोन ऐकताना असतं तसं.

काखेपाशी एक टाचणी आत गेली. कापडातून, सदऱ्यातून, आत. मी हललो नाही. हलायचं नसतं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तिने पुढची लावली, मग त्याच्या पुढची, आणि ती पहिली तिथेच, आतच. मग तिचे हात थांबले. तोंडातल्या टाचण्या काढून तिने तळहातावर घेतल्या, आरशातून माझ्याकडे बघत.

"टोचतेय का?"

मी नाही म्हणणार होतो. ओठांवर आलंच होतं.

"टोचतेय," मी म्हटलं. "मघापासून."

"मग सांगायचं की," ती म्हणाली, आणि चाचपून, त्याच तीन बोटांनी, टाचणी शोधायला लागली.